बिनधुराचा कोळसा

कोळशातलं काय ते हितेंद्रला विचारावं, असं परळच्या त्या गच्चीवरच्या हॉटेलात सगळेच म्हणायचे. एका जुन्या गिरणीच्या आवारातलं ते हॉटेल. हुक्क्यावर बंदी आली तशी मालकाने मेनूवरून तो शब्द काढला आणि त्याच नळ्या ‘हर्बल’ म्हणून पुन्हा टेबलांवर मांडल्या. नाव काहीही ठेवा, निखारा लागतोच, आणि निखारा म्हणजे हितेंद्र. काडी लावताच फुरफुरत पेटणारी गोल वडी त्याला मुळीच खपत नसे. तिने हुक्क्याला फटाक्याची चव येते म्हणायचा. लाकडी कोळसा तडतडतो आणि गाद्यांना भोकं पाडतो. खरा कोळसा नारळाच्या करवंटीचा, चौकोनी वड्यांचा. दोन वड्या एकमेकींवर आपटल्या की बशीवर बशी लागल्यासारखा आवाज यायला हवा, आणि जळल्यावर राख पांढरी पडायला हवी. राख काळपट पडली की हितेंद्र अख्खं खोकं परत पाठवायचा. माल आणून देणारे त्याला टरकून असत.

त्याचा एक नियम मात्र सगळ्यांवरचा होता. वडी विस्तवावर ठेवायची, उलटायची, पुन्हा उलटायची, आणि अंगावर काळा ठिपका असेपर्यंत गिऱ्हाइकाकडे न्यायची नाही. कच्चा कोळसा डोकं धरतो, लाल झालेला निर्धोक. हे त्याला आधीच्या कोळसेवाल्याने शिकवलं होतं, आणि त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. कोळशापाशी उभं राहून एखाद्या वेटरचं डोकं चढलंच तर त्याला लिंबूपाणी पाजायचं, झालं. वर मोकळं आभाळ, बाजूने खाडीचा वारा. गोष्ट डोकेदुखीच्या पुढे कधी गेलीच नाही, आणि नियम दरवर्षी जास्तच खरा वाटत गेला.

घरी मात्र या विद्येला काडीची किंमत नव्हती. जाईबाई, त्याची आई, शेजारणींना मुलगा हॉटेलात मॅनेजर आहे म्हणून सांगायची. हुक्क्याचे निखारे फुंकतो हे सांगायला तिची जीभ उचलत नसे. हितेंद्रचं लग्न झालेलं नव्हतं, वय चाळिशीला टेकलं होतं, आणि ज्याचं आईने कौतुक करावं असं एकही काम आपल्या हातून झालं नाही ही सल त्याला होती. तो कुणाला बोलला नाही, पण होती.

धाकटी बहीण मेघना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी गरोदर राहिली. नवस झाले, दवाखाने झाले, शीवच्या तिच्या सासरच्यांनी आशा सोडली होती, आणि मग हे. बाळंतपणाला ती माहेरी काळाचौकीला आली. मुलगी झाली. सात-आठ वर्षं ज्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं त्या घरात टाळूवर तेल जिरवण्यावरून माय-लेकींची भांडणं सुरू झाली, आणि हितेंद्र ती दारात उभा राहून ऐकत राहायचा. एवढं सुख त्याला ठाऊकच नव्हतं.

चाळ होती तेव्हा शेक म्हटला की जाईबाईचं नाव. अंगाला तेल, कढत पाण्याची आंघोळ, कानांवरून घट्ट फडकं, आणि मग बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपा. वारा लागता कामा नये, हा तिचा पहिला आणि शेवटचा कायदा. त्या चाळीतल्या कितीतरी लेकी तिच्या हातच्या शेकाने उठून कामाला लागल्या होत्या, आणि आंघोळ, शेक, वारा यांबाबत तिने उभ्या जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं, सांगायची तीच. चाळीला कौलं होती, दाराला बोटभर फटी होत्या. वारा नको म्हटलं तरी यायचाच. आता चाळीच्या जागी टॉवर उभा होता, सरकत्या काचांच्या खिडक्या होत्या आणि दार लागलं की बाहेरच्या लिफ्टचा आवाजसुद्धा आत येत नसे. जाईबाईला ते फार आवडायचं. बाळंतिणीसाठीच बांधलीय म्हणायची ही खोली.

आधी हितेंद्रने भायखळ्याच्या वखारीतून साधा कोळसा आणला. पहिल्याच दिवशी खोली धुराने भरली, मेघना खोकून बेजार झाली आणि समोरच्या बिऱ्हाडाने बेल वाजवून आग लागली का म्हणून विचारलं. खिडक्या उघडाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. जाईबाई चिडली. उघड्या खिडकीत शेक घ्यायचा तर चौपाटीवर नेऊन बसवा हिला, असं ती म्हणाली.

मग हितेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा घरात आपली विद्या काढली. मालकाला विचारून करवंटीच्या कोळशाचं एक खोकं तो घरी घेऊन आला. गॅसवर जाळी ठेवून त्याने वड्या लाल केल्या, एकेक चिमट्याने उचलून चारी बाजूंनी पाहिली, आणि शेगडीत रचून मेघनाच्या खाटेखाली सरकवली. धुराची रेघ नाही. वास नाही. नुसती ऊब.

जाईबाई वाकून कितीतरी वेळ पाहत राहिली. “धूर नाय, वास नाय,” ती म्हणाली. “असो इस्तव मी जल्मात बघूक नाय, हितू.”

मग तिने उठून खिडक्या लावल्या. काचांच्या रुळांत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, दाराच्या खालीही एक घडी सारली. आता कशी खोली झाली, असं म्हणून समाधानाने हात झटकले. हितेंद्रचा ऊर भरून आला होता. त्याने स्वतःच एक चिंधी नीट आत ढकलली.

शेक रोज सुरू झाला. दोन-तीन दिवसांनी त्याने शेगडी ठेवली तेव्हा मेघना म्हणाली, “दादा, डोकं जड होतं रे नंतर. मळमळतं.”

जाईबाईने ते उडवून लावलं. ओल्या बाळंतिणीचं डोकं जड होणार नाही तर कुणाचं. हितेंद्रने मात्र ऐकून घेतलं. त्याचं कामच होतं ते. त्याने खाली बसून शेगडी पुढे ओढली, वड्या एकेक उलटल्या, आणि एकीच्या तळाला नखाएवढा काळा ठिपका सापडला. तो त्याने मेघनाला दाखवला. हा बघ चोर, म्हणाला, कच्चा राहिला होता. ती वडी त्याने पुन्हा लाल करून आणली, आणि उद्यापासून आणखी बारकाईने बघायचं असं ठरवलं. मेघना हसली. दादाच्या हाताखाली कोळसेसुद्धा शाळेत असल्यासारखे बसतात, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने एकही ठिपका ठेवला नाही. वड्याही जास्त घातल्या, कारण पाऊस पडून गेला होता आणि आईला हवा गार वाटत होती. शेगडी ठेवून तो डिंक आणि खारका आणायला लालबागला गेला. परत आला तेव्हा जाईबाई नातीला खांद्यावर घेऊन दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये फिरत होती. पोर आत सारखी किरकिरत होती, मेघनाला डोळा लागू देईना, म्हणून तिने दार अर्धवट उघडून पटकन बाहेर आणलं होतं आणि मागे लगेच ओढून घेतलं होतं. बाहेर येताच पोर गप्प झाली होती. हितेंद्रने दाराला हात घातला.

“आत जाव नको,” जाईबाई हळूच म्हणाली. “झोपली हा. दार उघडलंस तर वारो लागात.”

म्हणून तो थांबला. पिशवी पायापाशी ठेवून त्याने भाचीचं बोट धरलं. बारशाला कुणाला बोलवायचं, नाव काय ठेवायचं यावर दोघं बोलत राहिली. जाईबाईने शेजारीण जाताना दिसली तिला थांबवून सांगितलं, की हितूने असा कोळसा आणलाय की धूर औषधाला नाही. ती हे अभिमानाने सांगत होती, आणि तो ऐकत होता. बराच वेळ गेला. दार लागलेलंच होतं.

मेघना उठली नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी हितेंद्र आणि मेघनाचा नवरा राहुल यांना बाजूला घेऊन विचारलं, की खोलीत काय जळत होतं. कोळसा, हितेंद्र म्हणाला, पण चांगल्यातला, धूर मुळीच नव्हता.

“धूर असता तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही खिडकी उघडली असती.”

जीव घेतो तो वायू वेगळा, त्यांनी सांगितलं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पूर्ण लाल झालेल्या निखाऱ्यातूनही तो तेवढाच येतो. लिंबूपाणी पाजलेले सगळे वेटर हितेंद्रच्या डोळ्यांसमोर आले. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. राहुलने एकदाच विचारलं, कोळसा कुणी आणला होता, आणि उत्तर ऐकल्यावर तो हितेंद्रशी पुन्हा बोलला नाही.

आईला कुणीच काही सांगितलं नाही. झोपेत श्वास अडकला, एवढंच. पण जाईबाईला कारण सापडायला डॉक्टर लागत नव्हता. भेटायला येईल त्याला ती एकच सांगायची. “मीच दार उघडलंय. म्हणान वारो लागलो तिका.” तेराव्यापर्यंत तिने हेच सांगितलं. भिंतीवर डोकं आपटून घ्यायची आणि तो हात दाखवायची, ज्या हाताने कडी काढली. हितेंद्र शेजारी बसून ऐकायचा. तिचा दोष नाही हे सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. आगीतून उचलून फुफाट्यात टाकायचं तिला. रोज सकाळी तो बोलायचं ठरवायचा आणि रोज नुसता चहा करून द्यायचा. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

तेरावा झाल्यावर राहुल मुलीला शीवला घेऊन जायला येणार होता. त्या सकाळी जाईबाईने नातीला तेल चोळलं, न्हाऊ घातलं, आणि टोपडं शोधता शोधता सहज म्हणाली, की हितूने दोनच वड्या लाल कराव्यात, जाताना पोरीला धुरी देते. कोळसा संपला, हितेंद्र म्हणाला. ती वाकली आणि खाटेखालचं खोकं ओढून घेऊन आली. अर्धं भरलेलं होतं. मग ती खिडक्यांकडे वळली. चिंध्या तिने काढल्याच नव्हत्या. उलट आणखी कोंबल्या होत्या. एकीला वाऱ्याने नेलं, दुसरीला नेऊ द्यायची नव्हती तिला.

हितेंद्रने तिच्या हातातलं खोकं घेतलं.

“आई, वाऱ्याने नाही नेलं तिला. या कोळशाने नेलं. मी आणलेल्या.”

“कोळशाक धूर खंय होतो?”

“नव्हता. म्हणूनच कळलं नाही.”

आणि मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, वायू कसा साचतो, मेघनाला मळमळत होतं ते कशाने, आणि आपण एक ठिपका शोधून स्वतःवर कसे खूश झालो. थांबला तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही म्हणून तो न थांबता बोलला. जाईबाई नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती. ती रडली नाही.

“भायेर आणलंय तसा पोर रडाचा थांबला,” ती म्हणाली. मग खिडकीतल्या चिंध्यांकडे पाहिलं. “म्हंजे दार उघडाच ठेवूचा होता?”

हितेंद्रने होकारार्थी मान हलवली.

पोरीला त्याच्याकडे देऊन ती उठली. एकेक चिंधी ओढून काढली, जमिनीवर टाकली, आणि सगळ्या काचा सरकवल्या. वारा एकदम आत आला. खोलीत मेघनाच्या औषधांचा, ओव्याचा जो वास इतके दिवस कोंडलेला होता तो पाहता पाहता गेला. पोरीने अंग आक्रसून घेतलं, तिचं टोपडं फडफडलं. जाईबाईचा हात सवयीने तिच्या कानांकडे गेला आणि मध्येच थांबला.

“झाकू काय नको?” तिने हितेंद्रला विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. खाली राहुलची रिक्षा येऊन थांबली तरी ती तशीच हात अधांतरी धरून उभी होती, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.