सूचना क्रमांक सात

पॉलिशपेपरखाली अचानक काळं दिसलं, तसा कचरूने हात झटकन मागे घेतला. फडकं ओलं करून त्याने ती जागा पुसली, पट्टी उजेडात धरली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डॅशबोर्डच्या लाकडी पट्टीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती आणि आत लाकूड नव्हतं, काळंकुळकुळीत प्लास्टिक होतं.

चाळीस वर्षं त्याने सागवान-शिसवाला पॉलिश केलं होतं. लाकूड कितीही घासा, आत लाकूडच मिळतं. डाग खोल असेल तर आपणही खोल जायचं, एवढं साधं शास्त्र. ही पट्टी म्हणजे प्लास्टिकवर डकवलेलं लाकडाचं चित्र, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. "सनमायकाची चुलत बहीण आहे ही," असं सकाळी तोच लेकीला हसत म्हणाला होता. त्या सनमायकानेच त्याचा धंदा खाल्ला होता. पण डोक्याला ठाऊक असलेलं हाताला कोण सांगणार? पट्टीवर एक गडद गोल ठिपका होता. तो जाईना, म्हणून हात आपला घासतच राहिला.

गाडी कोथरूडच्या गोपाळकृष्ण दातारांची, अठ्ठ्याण्णव सालची. दातार निवृत्त इंजिनियर, वय ऐंशी. जुन्या गाड्या जपणाऱ्या चौदा जणांचा त्यांचा गट होता. हे काम मनासारखं झालं, तर बाकीच्या गाड्याही मार्केट यार्डामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये येणार होत्या. वर्षभर कचरूकडे धड काम नव्हतं. हे काम लेकीने, निकिताने आणलं होतं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती आणि दातारांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथलंच.

आज तिची सुट्टी होती. डबा घेऊन आली, तर बाप पट्टी मांडीवर घेऊन नुसता बसलेला. काय झालं ते त्याने सांगितलं.

"पप्पा, ठिपका काढायला सांगितला होता का त्यांनी?"

"सहा सूचना दिल्यात. बघ की तिथं."

दातारांनी टाइप करून दिलेला कागद खिळ्याला टोचला होता. पहिली सूचना, 'घासताना फोनवर बोलू नये.' सहावी, 'काम अपुरे असल्यास जवळजवळ झाले असे सांगू नये.' निकिताने कागद उलटला. मग हळू आवाजात तिने वाचलं, "सूचना क्रमांक सात. डाव्या सीटसमोरील गोल ठिपक्यास हात लावू नये. तो डाग नसून कै. सौ. कौशल्या यांच्या टिकलीची जागा आहे."

कचरूच्या लगेच लक्षात आलं. घरोघरी बाथरूमच्या आरशावर टिकल्या असतात, तशी दातारांच्या बाईंनी प्रवासात डुलकी काढताना कपाळावरची टिकली समोर चिकटवली असणार. वर्षानुवर्षं उन्हाने पट्टी विटली आणि टिकलीखालचा रंग तेवढा मूळचा राहिला. तोच त्याने घासून टाकला होता.

साडेअकरा झाले होते. दातार चारला येणार होते आणि चार म्हणजे चारच.

"नवी पट्टी?" निकिताने विचारलं.

"कंपनीनं कधीच बंद केली."

बाहेर कांद्याचे ट्रक धुरळा उडवत होते. त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. आत भट्टीसारखं तापलं. उघड्या जागेवर त्याने तपकिरी रंग दिला, मग चार केसांच्या ब्रशने लाकडाच्या रेषा ओढायला घेतल्या. जन्मभर ज्या खोट्या लाकडाला शिव्या घातल्या, तेच तो आता जीव मुठीत धरून करत होता. प्रत्येक रेषेला श्वास रोखायचा. एक रेष हलली, पुसली, पुन्हा ओढली. वरून लॅकर मारल्यावर तर शेडमध्ये चालायचीही चोरी, धूळ उठेल म्हणून. अडीचला लॅकर सुकलं. रेषा अशा जुळल्या होत्या की निकिताला जागा सापडेना.

"आता ठिपका पण रंगवा," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं तरी जवळचं त्यांना नीट दिसत नाही. मला माहितीये ना."

कचरूने तिच्याकडे पाहिलं. गटाच्या बाकीच्या गाड्या त्याच्याही डोळ्यांसमोर होत्या. त्याने ठिपका रंगवला आणि पट्टी गाडीत बसवली.

चारला पाच कमी असताना दातार आले. डाव्या सीटवर बसून त्यांनी चष्मा लावला, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. दातारांचा अंगठा सरकत सरकत ठिपक्यापाशी आला आणि तिथेच थांबला.

"मागची बाजू वाचणारा माणूस पुण्यात सापडला," ते म्हणाले. "पेपरात द्यायला हवं." पण आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "पानशेतला जाताना लावली होती तिनं. रविवारी सांगतो आमच्या लोकांना, गाड्या तुमच्याकडेच टाका म्हणून."

निकिताने सुटकेचा श्वास सोडला. दातारांचा अंगठा अजून तिथेच होता, आणि कचरूला ते बघवेना.

"साहेब, तो ठिपका मी रंगवलाय. खरा माझ्या हातून घासला गेला. मागची बाजू मी वाचलीच नव्हती."

दातारांनी अंगठा उचलला.

"सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"तुम्ही त्याच्यावर हात ठेवलात, साहेब."

मग दातार खाली उतरले. "पुसा तो."

"आजोबा, राहू दे ना," निकिता म्हणाली.

"पुसा. तिचा नाही तो."

कचरूने फडक्याला स्पिरिट लावलं. एकाच फटक्यात ठिपका गेला. खाली त्याने ओढलेल्या रेषा सलग होत्या. दातारांनी वाकून पाहिलं. "रेषा छान जुळल्यात," ते म्हणाले, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता. रविवारचं त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि कचरूनेही विचारलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी कांद्याचा ट्रक आडवा होता, म्हणून दातारांची निघालेली गाडी थांबली. स्टिअरिंगमागे बसलेले दातार डाव्या सीटकडे झुकलेले मागच्या काचेतून दिसत होते. ट्रक निघून गेला, तरी ते तसेच झुकलेले होते. मागच्या टेम्पोने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा गाडी हलली. कचरूने शटर वर केलं आणि फडकं धुवायला घेतलं.