जमादाराची फेरी

“उभा राहा,” खाटेवरचा जमादार म्हणाला. “फेरी आलीय, दिसत नाही?”

“दिसतेय,” शिंपीकाका म्हणाले आणि बसल्या बसल्याच पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला. जमादारानं ओठ घट्ट मिटले.

जमादाराचं अर्धं अंग गेलं होतं आणि डोकं पूर्ण. परक्यांचं राज्य कधीच बुडालं, तुरुंगाचं कापसाचं गोदाम झालं, तरी हा रोज सकाळी पडल्या जागेवरून फेरीला निघायचा. फेरीत कैदी एकच, आमचे काका.

ओळख जुनी. तेव्हा जमादार कोठडीशी आला की कैद्यानं उठून उभं राहायचं, असा तुरुंगाचा नियम. काका म्हणाले, “माझ्याच देशात मी तुमच्यासाठी उठणार नाही.” जमादारानं त्यांचा गुडघा फोडला. तो असा काही जुळला, की काका चालायला लागले की गल्लीच्या टोकापर्यंत कटकट ऐकू जायची. काका रोज कुत्र्यांना भाकरीचे तुकडे घालायचे, त्या आवाजावर कुत्री तुकड्यांची वेळ ओळखायची. बहिरीसुद्धा. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा.

गुडघा फुटल्यावर काकांनी अन्न सोडलं, तेव्हा मात्र जमादार टरकला. कैदी मार खाऊन मेला तर चालायचं, उपाशी मेला की वरून चौकशी यायची. त्यानं नाकातून नळी घालून काकांना जगवलं.

पुढे म्हातारपणी जमादाराच्या पोरानं घर विकलं आणि बापाला बसथांब्याच्या बाकावर ठेवून गेला. लोक येता-जाता थुंकायचे. काकांनी त्याला हातगाडीवर घालून घरी आणलं आणि शिलाई मशीनशेजारी खाट टाकली.

“माणूस आणलात की वैरी?” काकूनं विचारलं होतं.

“माणूस. वैरी होता तेव्हा धडधाकट होता.”

आणि आता परवापासून जमादार कैदी उभा राहिल्याशिवाय तोंड उघडेना. डॉक्टर सांगून गेला, पोटात काही गेलं नाही तर हा आठवडा काढायचा नाही.

“अहो, राहा की उभे,” काकू म्हणाली. “खुळ्यासमोर उठलात म्हणून राज्य परक्यांकडे परत जातंय होय?”

“खुळा तो आहे. मी शुद्धीवर आहे.”

“मग मरू द्या त्याला.”

“तेही नाही.”

“मग करणार काय?”

काकांनी आपलं ताट झाकून ठेवलं. “तो जेवेपर्यंत मी जेवणार नाही.”

“दोघांना एकाच खड्ड्यात घालते,” काकू म्हणाली आणि तिनं चूल विझवली. त्या दिवशी तीही जेवली नाही.

मी विजार आखूड करून घ्यायला दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तेव्हा मशीन बंद होतं आणि दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत होते. काकांनी कात्री उचलली, ती हातातून गळून पडली. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

जमादारानं मान वळवली. “हा जेवत नाही?” त्यानं मला विचारलं.

“नाही, साहेब.”

“नळी आणा.”

“नळी नाही.”

त्यानं चांगला हात काकांकडे केला. “ए, जेव. चौकशी येईल माझ्यावर.”

“आधी तुम्ही,” काका म्हणाले.

“उभा राहा.”

“नाही.”

काकूनं पेजेचा वाडगा माझ्या हातात दिला. मग जमादारानं तोंड उघडलं, पाखराच्या पिलासारखं. एक चमचा त्याला, एक काकांना. काकू भिंतीकडे तोंड करून भांडी पुसत राहिली, पुसलेलीच.

थंडी सरेपर्यंत हे रोज चाललं. तो हुकूम द्यायचा, काका नाही म्हणायचे, मग दोघे जेवायचे.

एका सकाळी हुकूम आला नाही. काका चमचा धरून वाट बघत बसले. पेज गार झाली. मग मशीनला धरून ते उठले. गुडघा कटकन वाजला. जमादारासमोर ते बराच वेळ तसेच उभे होते.

खाट उचलायला गल्लीतून मोजकेच आले. काकांचा कोपरा सारखा खाली जायचा.

“काका, सोडा तुम्ही,” शेजारचा गवंडी म्हणाला.

“राहू दे.”

जमादाराचं डोकं त्यांच्याच बाजूला कललं होतं. गुडघा वाजत होता. तुकड्यांची वेळ झाली असं समजून कुत्री दारादारांतून धावत आली, आणि खाट बघून बाजूला झाली.