काळ्या केसांची माशी

पौडात युनूसचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, रिबिनी, रेशमाच्या लडी. पण रविवारी धरणावर मासे धरायला येणारे पुण्याचे हौशी लोक त्याच्याकडे थांबायचे ते माशीसाठी. खरी माशी नव्हे. गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस आणि जनावराचे केस रेशमानं आवळून बांधायचे, पाण्यात माशाला तो किडा वाटतो. कुणा साहेबाची एक फाटकी माशी उसवून, परत बांधून, परत उसवून युनूस हे शिकला होता.

सामान सगळं डालड्याच्या डब्यात. पिसं, करडाचे केस, कागदाच्या पुड्या. त्याची आई रहिमतबी त्या डब्याला शिवत नसे. "मेल्या जनावरांची घाण," म्हणायची.

म्हणूनच त्याच्या बायकोनं, जैनबबीनं, एक पुडी तिथं तळाशी लपवली होती.

त्यांना मुलगी झाली होती, मदिना. सातव्या दिवशी अकिका झाला, बाळाचं डोकं भादरलं, रिवाजाप्रमाणे केस पुरले. सगळेच पुरायचे असतात. जैनबबीनं चिमूटभर मागं ठेवले. मग पावसाळ्यात पोर तापानं गेली. फोटो काढायचा राहूनच गेला होता. उरली ती एवढी चिमूट. सासूला कळलं असतं तर तिनं तीही पुरायला लावली असती. आणि युनूसच्या पोटात आईपासून काही राहायचं नाही, म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

शनिवारी एका गिऱ्हाइकाची, कॅप्टनसाहेबांची, माशी बांधताना ती पुडी युनूसच्या हाती लागली. असे मऊ केस! करडू नुकतं जन्मलेलं असणार, त्याला वाटलं. एका माशीतच सगळे संपले. साहेबांना देताना त्यानं गळाच्या दोरीबद्दल बजावलं, "जाड तंगूस लावू नका. माशी लाकडासारखी पडंल. बारीकच लावा."

रविवारी जैनबबीनं डबा उघडला.

"अवं, काळी पुडी कुटं हाय?"

"करडाची? संपली की. साहेबाची माशी बांधली. लई झ्याक झाली! तू कुटनं आणलेले?"

ती डबा मांडीवर घेऊन तशीच बसली.

"मदिनाचे व्हते," म्हणाली.

युनूसनं सायकल काढली. धरणापर्यंतचा चढ त्यानं कसा मारला, त्याचं त्यालाच माहीत. गेणबाची होडी नुकती काठाला लागत होती. साहेबांना तळ्यावर फिरवायचा तो हाच गेणबा.

"या युनूसशेठ! वाटा मागाया आलाव व्हय? घावला न्हाई बगा. पन काय जनावर व्हतं!"

साहेब लहान मुलासारखे खुशीत होते. "युनूस, काय माशी बांधलीस रे! पाण्यात पडली आणि महाशीरनं ओढलीच. पण तंगूस टिकला नाही. तटकन तुटला. असलीच दुसरी दे."

"दुसरी न्हाई, साहेब."

"मग बांध की."

"त्ये केस मिळायचे न्हाईत आता."

"होते तरी कसले?"

युनूस पाण्याकडं बघत होता. मासा केव्हाच तळाला गेला असणार. "घरचे व्हते," तो म्हणाला.

गेणबाचं हसू गेलं. "शेठ, काय झालं?"

"जाड तंगूस सांगाया पायजे व्हता मी," एवढंच युनूस म्हणाला आणि सायकल वळवली.

जैनबबी दारातच उभी होती. मासा घेऊन गेला म्हणून त्यानं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "बांधताना कापले असतील की. शेंड्याचे."

कापले होते. मागच्या पडवीत बसून, कातरीनं. दोघं तिथं गुडघ्यांवर बसली, फरशीच्या फटीत बोटं घालून.

"काय सांडलंय?" रहिमतबी आतून आली. जैनबबीनं सांगून टाकलं, आता काय लपवायचं होतं. म्हातारी फरशीकडं बघत पुढं आली.

"समदे पुरायचे असत्यात गं," ती म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. "सकाळी मी झाडलं ते त्या कोपऱ्यात लोटलंय." मग भिंतीला धरून तीही खाली बसली.

कोपऱ्यात पिसांचा भुगा होता, धूळ होती, काही काळे केस होते. युनूसनं एकेक चिमटीत घेऊन चोळून पाहिला. हाताला काही कळेना.

"करडाचे असतील," तो म्हणाला.

"असतील," जैनबबी म्हणाली, आणि वेचून पदरात टाकत राहिली.