मुद्देमालाच्या मेंढीवर जगलेली इमारत

मी माणदेशातल्या एका तालुका कोर्टाची दुसरी इमारत बोलतेय. पहिली भाड्याची होती. वावटळीत तिचे पत्रे उडाले, तरी न्यायाधीशांनी डोक्यावर छत्री धरून कामकाज पुरं केलं म्हणे. मग मला बांधलं, अस्सल काळ्या दगडाची. मला त्याचा तोराही होता.

आता हायवेला तिसरी झालीय, काचेची. कपाटं, पंखे, कॅलेंडरचे खिळेसुद्धा तिकडे गेले. माझ्याकडे राहिला साक्षीदाराचा जुना पिंजरा आणि एक मेंढी.

बनाबाईनं सिद्धूवर मेंढीचोरीची फिर्याद दिली होती. मेंढपाळ आपापल्या मेंढरांच्या कानाला वेगवेगळी चीर देतात. चीर बघितली की निकाल लागला असता. पण मुद्देमालाला चिठ्ठी बांधल्याशिवाय कोर्टाचं सामान सांभाळणारे नाझर कुतुबुद्दीन यांना जेवण जात नसे. चिठ्ठीसाठी त्यांनी कानाला भोक पाडलं, ते नेमकं त्या चिरेवरच! पुरावा गेला, चिठ्ठी तेवढी टिकली.

आदेश झाला: मेंढी पुढील आदेशापर्यंत याच इमारतीत राहील. मेंढी गाभण होती. कोकरं झाली, त्यांनाही चिठ्ठ्या लागल्या. मुद्देमाल आत असल्यामुळे मला पाडता येईना. या खटल्याचा पुकाराही शिपाई इथेच येऊन करी. बनाबाई दर तारखेला उन्हातून चालत यायची आणि मी मनात म्हणायचे, पुढची तारीख पडू दे.

परवा नव्या न्यायाधीश मॅडम स्वतः इथे आल्या. म्हणाल्या, "दोघांनी हाक मारा. बघू कुणाकडे जाते."

बनाबाईनं हाक मारली, सिद्धूनं शीळ घातली. मेंढी ढिम्म. इतक्यात शिपाई धुळानं सवयीनं दारातून पुकारा केला. तशी मेंढी उठली आणि सतरा पोरानातवंडांसकट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. मॅडमनी कपाळाला हात लावला.

बनाबाई रडायलाच लागली. "सायब, मला न्हाई दिली तरी चालंल, त्येला द्या. पर भाईर काडा तिला. आठ वरसं झाली, तिनं माळ बगितला न्हाई."

सिद्धू खाली बघत म्हणाला, "घिऊन जा गं आक्का. तुजीच हाय ती. मला कवाच ठावं हुतं."

मेंढरं काल गेली. बनाबाईच्या हाकेला हलेनात, म्हणून धुळा पुकारा करत माळापर्यंत पुढं चालला होता.

उद्या जेसीबी येतोय. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण बनाबाई, सिद्धूला जे ठाऊक होतं, ते मलाही ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तू मेंढीच्या गळ्यात पडलीस, तेव्हाच मी ओळखलं होतं. तरी मी तारखाच मागत राहिले. जमलं तर माफ कर.