वाणातली रोपं

शेंड्याकडची पानं वाटीसारखी वर वळलेली पद्मजाबाईंना दिसली, तेव्हा मार्च नुकताच लागला होता. त्यांनी चष्मा लावला आणि पानाला हलकेच टिचकी मारली. पानाखालून बारीक पांढऱ्या माश्या धुळीसारख्या उठल्या, क्षणभर घोटाळल्या आणि पुन्हा पानाखाली जाऊन बसल्या.

त्यांची सारी नोकरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली होती, त्यामुळे शंका उरली नाही. नुसत्या पांढऱ्या माशीचं त्यांना भय नव्हतं. साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल मिसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारलं की ती आटोक्यात येते. पण रोगट झाडाचा रस पिऊन ती निरोगी झाडावर बसली, की विषाणूही सोबत नेते. विषाणू शिरलेल्या रोपाला औषध नसतं. त्याला उपटावंच लागतं.

गॅलरीत त्यांची टोमॅटोची चार रोपं होती. भाद्रपदात त्यांचे यजमान श्यामसुंदर गेले. त्यानंतर सकाळी उठण्याला काही कारण असावं म्हणून त्यांनी दिवाळीत बी पेरलं होतं. एका रोपाची पानं वळली होती, दुसऱ्याची वळू लागली होती. उरलेल्या दोन्हींना हिरवी फळं धरली होती.

माशी कुठून येते, हे कठड्यावरून वाकून पाहताच कळलं. कर्वेनगरच्या त्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक गॅलरीत एक लहानशी निळी कुंडी होती आणि प्रत्येक कुंडीत टोमॅटोचं एक खुरटलेलं, पिवळट रोप. तिसऱ्या मजल्यावरच्या सृष्टीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ही रोपं दिली होती. लग्नानंतरची तिची पहिलीच संक्रांत. प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा रोप बरं, असं तिला वाटलं होतं. रोपवाटिकेतूनच रोग आला असणार. पद्मजाबाईंना त्या दिवशी बोलावणं नव्हतं. जिन्यातून बायका हसत वर जात होत्या, तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज जरा वाढवला होता.

पिवळ्या पुठ्ठ्यांना एरंडेल चोपडून त्यांनी ते रोपांमध्ये टांगले. दोन दिवसांत पुठ्ठे माश्यांनी भरले, तरी टिचकी मारली की तितक्याच माश्या उठत. इमारतीतली रोगट रोपं उभी होती, तोवर आपली दोन वाचायची नाहीत, हे उघड होतं. म्हणजे दारोदार जाऊन सांगणं आलं, आणि तेही ज्या वाणासाठी आपल्याला बोलावलं नाही ते उपटा म्हणून.

आधी त्या समोरच्या कुमुद गोगटेंकडे गेल्या. त्यांची वीस वर्षांची ओळख. कुमुदनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, वाण उपटून टाकायचं कसं? कुणाचा हात धजेल?"

इतर घरांतूनही थोड्याफार फरकानं हेच उत्तर आलं. कुणी आंबट ताक फवारणार होतं, कुणी हळदीचं पाणी. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी टोमॅटो मंडईतही मिळतात, अशी माहिती पुरवली. पद्मजाबाई घरी आल्या. चहा केला आणि तो निवेपर्यंत तसाच राहिला.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात कुमुद निळी कुंडी घेऊन उभी होती. तिच्यामागे आणखी दोघी होत्या, आणि जिन्यावरून कुणीतरी वर येत होतं.

"तूच उपट बाई," कुमुद म्हणाली. "तुला चालेल."

मागच्या दोघी कुंड्यांकडे पाहू लागल्या. पद्मजाबाईंनी दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"मला का चालेल, कुमुद?"

कुमुदचं तोंड उतरलं. ती दुष्ट नव्हती. ती परत फिरली असती, तर पद्मजाबाईंनी तिला जाऊ दिलं असतं की नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या बाजूला झाल्या.

"आत या सगळ्या. पण पिशवी तू धरायचीस."

आधी रोपावर पिशवी चढवायची, म्हणजे माश्या उडत नाहीत. मग बुंध्याशी गच्च आवळायची आणि त्यानंतरच मुळासकट ओढायचं. पद्मजाबाई सांगत होत्या, उपटत होत्या. कुमुद पिशवी धरत होती. शेवटी सृष्टी आली. हिंजवडीच्या नोकरीत तिला रविवार तेवढा मिळायचा.

"काकू, मी यवतमाळची. इथे कुणाला बोलवायचं ते सासूबाईंनी सांगितलं तसं केलं मी," ती खालच्या आवाजात म्हणाली.

तिचं रोप उपटताना पद्मजाबाईंनी तिला पानाची खालची बाजू दाखवली. तासभर घरात माणसांचे आवाज होते. मग त्यांनी आपलीही वळलेली दोन रोपं उपटली. चहासाठी मोठं पातेलं चढवून त्या बाहेर आल्या, तोवर बायका हात धुऊन चपला घालत होत्या. कुणाचा कुकर व्हायचा होता, कुणाकडे पाहुणे यायचे होते. सृष्टी जरा रेंगाळली. पण तिचा फोन वाजला आणि तीही गेली.

दुपारी त्यांनी रिकाम्या कुंड्या साबणानं घासल्या आणि ज्याची त्यानं न्यावी म्हणून दाराबाहेर ओळीनं मांडल्या. संध्याकाळपर्यंत लिफ्ट अनेकदा थांबली. दिवेलागणीला त्यांनी कुमुदला फोन केला.

"राहू देत गं तुझ्याकडेच," ती म्हणाली. "घरात परत आणायला सगळ्यांनाच नको वाटतंय."

पद्मजाबाई बरं म्हणाल्या. बाहेर जाऊन त्यांनी कुंड्या एकीत एक घातल्या. एवढ्या कुंड्या एका खेपेत उचलेनात, तेव्हा निम्म्या आत ठेवून त्या उरलेल्या घ्यायला पुन्हा दाराबाहेर आल्या.