जवळच्या व्यक्ती

पासाची चिमटी गंजलेली होती, खिशाला लावताना तिनं कापडावर तांबूस डाग उठवला, आणि पासावर कुणीतरी घाईघाईनं लिहिलेलं – नाते : मामा. मामा! अकरा वर्षांत भाच्याच्या घरी तो एकदाच गेला होता, तोही उंबऱ्यावरूनच परतला... आणि तरी अतिदक्षता विभागाच्या दाराशी रखवालदार उठून उभा राहिला, या म्हणाला, आणि दहा मिनिटांनी बाहेर पडतानाही पुन्हा उभा राहिला.

बाहेरच्या बाकावर शिंपी बसला होता. ही अकरा वर्षं भाच्याबरोबर राहणारा, त्याच्या औषधांच्या वेळा तोंडपाठ असणारा. तीन दिवस तो त्याच बाकावर होता.

"आत विचारत होता," मामा म्हणाला, "जेवलास का म्हणून."

"जेवलो म्हणावं. आणि डाव्या कुशीवर नका झोपवू, दुखतं त्याला. नर्सबाईंना सांगायला गेलो तर विचारतात, तुम्ही कोण?"

तुम्ही कोण... हा प्रश्न नर्सबाईंचा नव्हता, मामाचा स्वतःचा होता. वीस वर्षांपूर्वी या रुग्णालयाचा विश्वस्त म्हणून त्यानं भेटीच्या नियमांचा मसुदा तपासला तेव्हा त्यात 'रुग्णाच्या जवळच्या व्यक्ती' असं होतं. त्याला ते ढिसाळ वाटलं. जवळच्या म्हणजे नेमक्या कोण? त्यानं खोडून लिहिलं – रक्ताचे किंवा विवाहाचे नातेवाईक. बैठकीत वाहवा झाली. घरी येऊन बायकोला ते वाक्य वाचूनही दाखवलं होतं मी... मूर्ख. एवढी पुस्तकं वाचून हेच सुचलं.

शिंप्यासाठी पास मागायला तो वर गेला. अधीक्षक खुर्चीतून उठले.

"सर, तुमच्यासाठी एवढंही नाही करायचं? भाऊ म्हणून पास देतो त्यांना. कोण बघतंय?"

ते इतक्या प्रेमानं म्हणाले की तो बरं म्हणाला, आणि नवा पास घेऊन खाली आला.

शिंप्यानं पास वाचला, परत दिला.

"भाऊ नको, मामा. घरमालकाला अकरा वर्षं भाऊच सांगत आलोय. आता तुमचा भाचा जायला टेकलाय, तर आज तरी नको." मग त्यानं मान वळवली. "आणि त्या कोपऱ्यातल्या बाई बघा. त्यांचं माणूसही आत आहे, तीही बाईच. त्यांना विश्वस्त मामा कुठून आणायचा?"

पहिला राग शिंप्याचाच आला, खोटं कशाला बोलू. एवढी खटपट करून वर हा ताठा! पण जिना चढता चढता तो राग शिंप्यावरून निसटला, अधीक्षकांच्या प्रेमळपणावर गेला, रखवालदाराच्या उठण्यावर गेला, आणि तिथंही टिकेना.

"नियम बदला," तो म्हणाला.

"सर, समितीची बैठक पुढच्या महिन्यात."

"भाचा तोवर थांबणार नाही."

"म्हणून तर म्हटलं, भाऊ लिहू. आत्ता सोडतो."

"ते वाक्य माझं आहे. अध्यक्षांना फोन लावा. मी बसतो."

अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. खाली भाचा एकटा होता आणि शिंपी बाहेर, 'भाऊ' चालवून घेतलं असतं तर एव्हाना आत असता... हे आपण त्याच्यासाठी करतोय की त्या वाक्यासाठी? ठाऊक नाही. आयुष्यभर राग आला की मी पुस्तक उघडलं. आता पुढ्यात नुसतं टेबल होतं, घंटा वाजत होती, आणि तो राग माझ्याकडेच वळून येत होता, आणि मी त्याला येऊ देत होतो.