खोबरेल प्यालेला ब्रेक

मित्रांनो, जामसंड्याच्या उतारावर सायकल थांबवणारा मी एक जुना ब्रेक आहे. माझ्यात तार नाही. मुठीजवळच्या छोट्या टाकीतून चाकापर्यंत बारीक नळी जाते. तिच्यातल्या तेलाच्या जोरावर मी चाक धरतो.

माझी मालकीण तेजस्वी बालवाडीत शिकवते. मागच्या सीटवर तिची लेक सृष्टी बसायची. नवा होतो तेव्हा दोन बोटांनी दाबलं तरी मी सायकल जागच्या जागी उभी करी. बाजारात लोक वाकून मला बघत. पुढे ते कौतुक सरलं. नळीत हवा कधी शिरली, कुणाला कळलंच नाही. तेल दबत नाही, हवा दबते; म्हणून मी मऊ पडलो.

"बाबा, ब्रेक मऊ लागता," तेजस्वी सासऱ्यांना, दाजींना म्हणाली.

"तेल कमी झाला आसतला. घरात खोबऱ्याचा तेल आसा मां? कशाक उगाच तळेऱ्याक धावतस गो!"

दाजींनी आयुष्यभर रहाटाला, बिजागरीला, शिवणयंत्राला खोबरेलच घातलं होतं. त्यांनी मायेने माझी टाकी भरली. हवा मात्र आतच राहिली.

पौषात गारठा पडला. न्हाणीतल्या बाटलीत खोबरेल थिजलं, तसं माझ्यातही. त्या सकाळी उतारावर गुरं आडवी आली. तेजस्वीने मला दाबलं. दांडी मुठीला टेकली ती परतलीच नाही.

"आई, थांबय गो!" सृष्टी ओरडत होती. मला थांबवता येत नव्हतं. सायकल रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, आदळली. सृष्टीच्या कपाळाला टाके पडले.

तळेऱ्याच्या बाजारात सायकली दुरुस्त करणाऱ्या महादूने मला उघडलं. "दाजीनू, हेच्यात काय भजी तळूची होती?" दाजी हसले नाहीत. महादूने थिजलेलं तेल धुऊन काढलं, रबर बदललं, खालून सिरिंजने ब्रेकचं तेल दाबलं. वर टाकीत बुडबुडे फुटू लागले. ते थांबेपर्यंत त्याने हात काढला नाही.

मित्रांनो, ब्रेक मऊ लागला तर त्याच दिवशी त्यातली हवा काढून घ्या. घरात आहे तेच तेल ओतू नका. मी आता घट्ट आहे. तरी उतार आला की सृष्टी खाली उतरते. दाजी मला दाबून दाखवतात, "बघ गो बाय, आता धरता."

ती मान हलवते आणि रस्त्याच्या कडेने चालू लागते.